मदत हवी आहे: नाकावरील बेसल सेल कार्सिनोमा, टाके त्याच दिवशी घालावेत का?

नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. माझ्या वडिलांच्या (वय 72) नाकाच्या उजव्या बाजूला, चष्म्याचे पॅड टेकते नेमके तिथे, दीड वर्षापूर्वी मसुरीएवढा काळपट, चकचकीत फोड आला. चष्मा घासत असेल म्हणून त्यांनी दोनदा पॅड बदलून घेतले. पुढे त्यावर खपली धरू लागली. तोंड पुसताना ती निघे, टॉवेलला रक्ताचा ठिपका लागे आणि चार दिवसांत पुन्हा खपली. जवळच्या एका डॉक्टरांनी आठ महिने मलमच दिले, आणि आम्हीही ते मुकाट्याने लावत राहिलो. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी बायोप्सी करवली आणि बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, निघाला.

हा कर्करोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो हे कळल्यावर घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. परंतु रिपोर्टमध्ये ‘इन्फिल्ट्रेटिव्ह’ हा शब्द आहे. गाठ जेमतेम 9 मिलिमीटरची असली, तरी नाकासारखी जागा आणि आत बारीक धागे सोडत वाढणारा हा प्रकार, या दोन्हींमुळे ती जास्त जोखमीची ठरते. कमी जोखमीची गाठ पाठीवर असती, तर भोवतीची 4 मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन काढली की बहुधा भागले असते.

सर्जन म्हणतात की गाठ काढून त्याच दिवशी गालाची कातडी सरकवून जखम झाकू. काढलेल्या तुकड्याच्या कडांचा रिपोर्ट आठवड्याने येईल. माझी शंका इथेच आहे. कडेला कर्करोगाच्या पेशी उरल्याचे निघाले, तर कातडी सरकवल्यानंतर ती कड नेमकी कुठे शोधणार? मोह्ज शस्त्रक्रियेत एकेक थर काढून त्याची संपूर्ण कड लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि ती स्वच्छ निघाल्यावरच जखम बंद करतात, म्हणून माझा कल तिकडे आहे. चुलतभाऊ रेडिएशन सुचवतो. पण त्यासाठी कित्येक आठवडे खेपा घालाव्या लागतात, आणि वडील शस्त्रक्रिया सोसण्याइतके ठणठणीत आहेत.

ठाणे-नवी मुंबईत कोणी मोह्ज करून घेतली आहे का, की मुंबईलाच जावे लागले? कडांचा रिपोर्ट येईपर्यंत जखम ड्रेसिंगवर उघडी ठेवून मग झाकली, असा कोणाचा अनुभव असल्यास तोही सांगावा. दुसऱ्या मतासाठी लॅबमधून बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स आणून ठेवल्या आहेत. शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली आहे. ती पुढे ढकलायची असल्यास सोमवारपर्यंत कळवायचे आहे.