उसाच्या पाल्यापासून बुरशी वापरून इथेनॉल, गावात जमेल काय?

चिकोडीचा_ऊसवाला:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं तोड झाली की बरेच जण पाल्याला सरळ काडी लावतात, मला ते बघवत नाही. गेल्या साली मी बांधाकडच्या पाल्यावर ट्रायकोडर्मा (पाला कुजवणारी बुरशी) आणि शेणकाला टाकलेलो, आधी पांढरी जाळी धरली, मग हिरवी भुकटी आली आणि पाला हातानं तुटायला लागला. आता ऐकलंय की असल्याच बुरशीनं पाल्याची साखर आणि साखरेचं इथेनॉल करूलालेत. आम्ही पाच-दहा जण मिळून छोटं युनिट घातलो तर चालेल काय? खरी माहिती असली तर सांगा की.

लॅबवाली_बेळगाव:
दादा, ऐकलंय ते खरं आहे, फक्त ती बुरशी तुमच्या पुडीतल्या ट्रायकोडर्माची भावकी, ट्रायकोडर्मा रीसी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती कापड, तंबू कुजायला लागले तेव्हा ती सापडली. पाल्यातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेचीच लांब साखळी, बुरशीचं एक एन्झाइम ती मधेच तोडतं, दुसरं टोकाकडनं दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या काढत जातं, तिसरं त्या जोड्या फोडतं, मग त्या साखरेचं इथेनॉल करायला यीस्ट घालायचं. गोची लिग्निनची आहे, म्हणजे पाल्याला कडक करणारा भाग, ते सेल्युलोजला असं लपेटून बसतं की एन्झाइमला आत शिरायलाच मिळत नाही, म्हणून आधी पाला बारीक करून आम्ल आणि दाबाची वाफ द्यावी लागते, मग ५० अंशाच्या आसपास दोन-तीन दिवस ठेवायचं. आणि रानातली बुरशी साखर करते ती स्वतःच खाऊन टाकते, म्हणून प्लांटमधे बुरशी नाही, तिच्यापासून काढलेलं एन्झाइम घालतात.

डिस्टिलरी_नाईटशिफ्ट:
कारखान्यात साखर काढून उरलेल्या मळीत साखर आयतीच असते ओ, पाणी घालून पातळ केली, यीस्ट सोडलं की काम सुरू. पाल्याला मात्र वाफ आणि एन्झाइमचा खर्च आधी. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्याच्या प्लांटचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ ला झालं, क्षमता वर्षाला २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला १५० लिटर, पण उभारायला ९०० कोटींच्या वर लागले. पाच-दहा जणांचं काम नव्हं ते. शिवाय पाल्यातली झायलोज नावाची साखर साध्या यीस्टला पचतच नाही, ती वाया. आणि अबकारी परवान्याशिवाय अल्कोहोल काढलं तर केस होते, ते आधी ध्यानात घ्या.

चिकोडीचा_ऊसवाला:
मग गोळा करून विकला तर?

अथणी_काळी_माती:
विकू नका राव, हेक्टरी ८-१० टन पाला निघतो, तो रानाचाच आहे. कुट्टी करून सरीत दाबा, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि तुमचं ते ट्रायकोडर्मा टाका, बुडखे जमिनीलगत छाटा. उन्हाळ्यात ओल टिकते, पाण्याची पाळी लांबते.

लॅबवाली_बेळगाव:
खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातनंच परत ऊस घ्यायच्या रानात हेच बरोबर. पण नवीन लागणीसाठी रान मोकळं करायचं म्हणून जो पाला जळतोय तो तरी प्लांटला जावा असं मला मनापासनं वाटतं, आपल्या भागात एवढा ऊस आहे आणि तेवढाच धूर.

चिकोडीचा_ऊसवाला:
पटलं. कुट्टी मशीन निपाणी-चिकोडीकडं भाड्यानं कोण देतंय काय? आमची तोड जवळ आलीय.