आळंदी-मरकळ-तुळापूर : नदी न सोडणारा रस्ता

पुण्याजवळ सायकलसाठी पाण्याकाठचा रस्ता विचारला की बरेच जण खडकवासला-पानशेत रस्ता सुचवतात. रस्ता सुंदरच, पण रविवारी नऊनंतर खडकवासला धरणाच्या चौपाटीवर चारचाकींची जी रांग लागते, त्यात सायकलवाल्याचे हाल होतात. नदीकाठच हवा असेल तर पूर्वेला वळा.

पुण्याहून आळंदी, तिथून मरकळमार्गे तुळापूर. मोठा चढ कुठेच नाही, त्यामुळे नवख्यांनाही जमतो. तुळापूरला भीमा, भामा आणि इंद्रायणी एकत्र येतात. संगमेश्वराच्या देवळाकडून घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी बसलं की उठवत नाही. १६८९ साली संभाजी महाराजांचा शेवट झाला तो याच परिसरात; समाधीपाशी सायकल आपोआप हातात धरून चालावीशी वाटते.

मी शक्यतो दिवाळीनंतर जातो. ज्वारी कमरेला आलेली असते, सकाळी नदीवर धुकं असतं. फक्त ऊसाच्या ट्रॉल्या सांभाळा, मागे दिवा नसतो बऱ्याचदा. मरकळच्या आसपास कारखान्यांचे ट्रकही असतात, म्हणून साडेपाचला निघालेलं बरं.

परतताना फुलगाव-लोणीकंद करून नगर रस्ता पकडता येतो, पण तो मला आवडत नाही. आल्या वाटेनेच फिरा.

एक मात्र सलतं. आळंदीत इंद्रायणीवर कित्येकदा पांढरा फेस तरंगताना दिसतो. वारकरी ज्या पाण्यात स्नान करतात त्याची ही अवस्था बघून पाय जड होतात.