किंग ऑफ आर्म्सला मराठीत काय म्हणाल?

बोरूबहाद्दर: विल्यम कॅम्डेनचं छोटं चरित्र मराठीत करतोय. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेचा हेडमास्तर, 1586 साली ब्रिटनच्या इतिहास-भूगोलाचा ग्रंथ 'ब्रिटानिया' लिहून गाजला. 1597 मध्ये जेमतेम एक दिवस रिचमंड हेरल्ड (हेरल्ड म्हणजे घराण्यांच्या चिन्हांचं काम पाहणारा दरबारी अधिकारी) होता, लगेच त्याहून वरचा क्लॅरेन्सो किंग ऑफ आर्म्स! मी 'किंग ऑफ आर्म्स'च ठेवलं होतं, संपादकांनी 'शस्त्रागारप्रमुख' करून टाकलं. ट्रेंट नदीच्या दक्षिणेकडच्या घराण्यांच्या ढालीवरची चिन्हं आणि वंशावळी तपासणारा हा माणूस. तलवारीशी संबंध काय? सुचवा काहीतरी.

पेठकर: भालदार-चोपदार. हेरल्ड मुळात ललकारी देणाराच.

वाळवेकर: चोपदाराला वंशावळ कोण विचारतं? आमच्याकडे सुगीला हेळवी यायचा. बैलावर बसूनच वही काढायचा, खापरपणजोबापर्यंत नावं घडाघडा वाचायचा आणि धान्य घेऊन पुढच्या दारी. कॅम्डेन म्हणजे सरकारी हेळवी.

पेठकर: कानडी 'हेळु', म्हणजे सांगणे. त्यावरून हेळवी.

वाळवेकर: छे हो! 'हेळव' म्हणजे पांगळा. उगीच का बैलावर बसतो?

शुद्धमती: कानडी नको नि इंग्रजीही नको. 'कुलचिन्हाधिपती' लिहा.

लिंबूटिंबू: अधिपती म्हटलं की चिन्हं त्याच्याच मालकीची वाटतात. आणि हाताखालचा राल्फ ब्रूक मग कोण? हा यॉर्क हेरल्ड. बाहेरचा शाळामास्तर वर बसला म्हणून जळफळला, 'ब्रिटानिया'तल्या वंशावळींच्या चुका काढून पुस्तकच छापलं. शेक्सपिअरच्या घराण्याला चिन्ह दिलं त्यावरूनही ओरड, तिथे कॅम्डेनने उलट बाजू घेतली. पण कहर 1616 मध्ये. ब्रूकने गार्टर किंग ऑफ आर्म्स, म्हणजे सगळ्यांत वरच्या पदावरच्या सेगरला गंडवून ग्रेगरी ब्रँडनच्या नावे स्पेनमधल्या आरागॉन राज्याचं राजचिन्ह मंजूर करून घेतलं. ब्रँडन कोण, तर लंडनचा फाशी देणारा! सेगर आणि ब्रूक दोघेही तुरुंगात.

शुद्धमती: 'राजचिन्ह' चालतं, मग 'कुलचिन्ह' का खुपतं?

बोरूबहाद्दर: कुलचिन्ह घेतलं. अडलंय ते पदाच्या नावाशी.

पेठकर: 1877 च्या दिल्ली दरबारात जाहीरनामा वाचणारा मेजर बार्न्स हेरल्डच होता. म्हणजे ललकारीच ना? तिथेच संस्थानिकांना चिन्हांची निशाणं मिळाली. शिंद्यांच्या चिन्हात नाग आहे.

वाळवेकर: निशाणं राहू द्या, त्या ब्रँडनचं पुढे काय झालं?

लिंबूटिंबू: मुलगा रिचर्ड त्याच धंद्यात. इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सचं डोकं यानेच उडवलं असं बरेच जण मानतात.

पेठकर: डोकं उडवलं तर 'फाशी देणारा' कसा? जल्लाद म्हणा.