मदत हवी आहे: नाशिकहून चार रात्री, मुंबईचं संग्रहालय, चौलची मावशी आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवार ते शनिवार असा वेळ काढलाय. बरोबर माझी आई (वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे, जिना सावकाश चढते, पण चढते) आणि लेक (वय ११). यजमानांना सुट्टी नाही. घरची गाडी आहे, पण कसारा घाटात आणि मुंबईत ती एकटीने चालवायची माझी तयारी नाही.

ही सहल आईसाठी आहे. लग्नाआधी आई जुन्या नाशकात एका वाड्यात राहायची. समोरच्या खोल्यांमध्ये तिची मैत्रीण. दोघी रोज पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, धुणं घेऊन जायच्या. मैत्रिणीचं लग्न होऊन ती अलिबागजवळच्या चौलला गेली आणि आई पंचवटीत. तीच माझी मावशी. मावशी आता फारशी घराबाहेर पडत नाही. दोघींची शेवटची भेट माझ्या लग्नात झाली, म्हणजे चौदा वर्षांपूर्वी. फोन मात्र दर रविवारी होतो. गेल्या महिन्यात मावशी म्हणाली, "येताना गडूभर गंगा आण गं, रामकुंडावरची." त्या दिवसापासून आईने माळ्यावरचा तांब्याचा गडू काढून ओट्यावर ठेवलाय.

तो वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, त्यालाही बरीच वर्षं झाली. आई खांबांबद्दल अजून बोलते. सागाचे, मधे फुगीर, खाली दगडी तळखडा. मला कुणीतरी सांगितलं की नाशिकच्या एका वाड्याचं लाकूडकाम मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात लावलंय. खरं असेल तर आईला ते दाखवायचंच आहे.

मुंबईत माझी शाळेतली मैत्रीण दादरला राहते, दोन रात्री तिच्याकडे. पुढच्या दोन रात्री चौलला मावशीकडे.

विचारायचंय ते असं. लाकूडकाम नक्की कुठे आहे, आणि ते बघायला किती जिने चढावे लागतील? गेटवेची लाँच आईला झेपेल का, की दुसरा काही मार्ग आहे? लेकीला अलिबागचा पाण्यातला किल्ला चालत जाऊन बघायचाय, तर वेळ कशी ठरवायची? जे स्वतः गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद : कसाराघाट

ताई, रेल्वेचं मी सांगतो. पंचवटी एक्सप्रेस घ्या. सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोड सोडते, दादरला थांबते, त्यामुळे सामान थेट मैत्रिणीच्या घरी टाकता येईल. आरक्षण आत्ताच करा, मेमध्ये जागा राहत नाहीत. आईंना खिडकी द्या, ऊन कोणत्या बाजूला येतं बघून. परतताना संध्याकाळची पंचवटी आहेच. कसाऱ्याला गाडी थांबली की लेकीला मागे लक्ष द्यायला सांगा. घाट चढायला १:३७ चा चढ आहे, म्हणून तिथे गाडीला जादा इंजिनं लावतात. माझ्या मुलाला तो धक्का जाणवला तेव्हा तो आनंदाने ओरडलाच.

प्रतिसाद : गोलघुमट

लाकूडकामाचं ऐकलंत ते अगदी खरं. फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स. पायाभरणी १९०५ ची, लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. घुमट गोलघुमटाच्या धर्तीवर बांधला, पण आतल्या मधल्या दालनात त्याने नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेतलेलं लाकूडकाम बसवलं. पहिल्या मजल्याच्या सज्जावर अठरा लाकडी खांब अष्टकोनात उभे आहेत आणि त्यांच्यावर कमानी.

आईंसाठी महत्त्वाचं हे की त्यासाठी वर चढायची गरज नाही. तिकीट काढून आत गेलात की मधल्या दालनात सरळ पुढे या आणि मान वर करा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लोक मूर्तींकडे वळत होते आणि वर कुणीच बघत नव्हतं. बाहेर काळा कुर्ला दगड आणि पिवळसर मालाड दगड, आत मात्र एकदम आपल्या माजघरासारखं वाटतं. तिथे आईंना दहा मिनिटं निवांत बसू द्या. चाकाची खुर्ची मिळते का, ते दारावरच विचारून घ्या.

बुधवारी सकाळी सव्वादहाला, उघडल्या उघडल्या जा. दुपारनंतर सुट्टीतली गर्दी आणि दमट उकाडा दोन्ही वाढतात. लेकीसाठी आवारातच मुलांचं वेगळं संग्रहालय आहे.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही सुंदर आहे, १८७२ चं. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पण ते बुधवारी बंद असतं, आणि एका दिवसात दोन संग्रहालयं आईंना नकोत. त्याचा मोह सोडा.

प्रतिसाद : घाटमाथा

मुंबई टाळून त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणूला का जात नाही? समुद्रही मिळेल आणि वाटेत जव्हारचा राजवाडाही.

धागाकर्ती :

दादा, रस्ता छान आहे, आम्ही गेलोय. पण मावशी चौलला आहे, म्हणून डहाणू नाही. गोलघुमट, तुमचे किती आभार मानू? आईला वाचून दाखवलं. तिने फक्त "अठरा का?" एवढं विचारलं आणि बोटांवर आपल्या वाड्याचे खांब मोजत बसली.

प्रतिसाद : रेवदंड्याची लेक

ताई, मी चौलच्या शेजारचीच, म्हणून जरा लांबण लावते.

गेटवेची लाँच आईंना नको. बोट वरखाली होत असते आणि पायरीवरून आत पाय टाकायचा तो एक क्षणच वाईट. माझ्या सासूबाईंचा पाय तिथेच घसरला, घोटा मुरगळला आणि सगळी सुट्टी खाटेवर गेली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. तिच्यात गाड्या चढतात. दादरच्या मैत्रिणीची गाडी असेल तर तिलाच चला म्हणा, आईंना गाडीत बसूनच बोटीत नेता येईल का ते आधी विचारून घ्या. साधारण तासाभरात मांडवा. सकाळची फेरी घ्या, मेमध्ये दुपारनंतर वारा उठतो आणि समुद्र खवळतो. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर आणि चौल त्याच्याही पुढे, रेवदंड्याच्या रस्त्याला. गुरुवारी येताय हे उत्तम. शनिवार-रविवारी या रस्त्यावर गाड्या हलत नाहीत.

आता किल्ला. कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येतं. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवर करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. त्यात अष्टमीला भांगाची भरती, पाणी धड मागे सरत नाही, वर डोक्यावर ऊन. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं तसंच ओहोटीला लांबवर जातं. तुम्ही असाल त्यात कोणती तिथी येते?

धागाकर्ती :

कालनिर्णयात बघितलं. शुक्रवारी वद्य चतुर्थी, संकष्टी! आईचा उपास असतो.

प्रतिसाद : रेवदंड्याची लेक

मग तर फारच छान जमलं. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेले, त्यामुळे पाणी बऱ्यापैकी मागे जाईल. साडेसातला चौलहून निघा, साडेआठला वाळूत उतरा, दहाच्या आत परत फिरा. हा हिशेब अंदाजाचा आहे. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना त्या दिवशीची वेळ विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि ते "आता परत फिरा" म्हणाले की फोटो तसाच सोडून फिरा. खाली शेवाळलेला खडक आहे, लेकीला पट्ट्याच्या चपला घाला.

किल्ल्यात आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंना खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर आहे. आईंना घोडागाडीतून दारापर्यंत नेता येईल, पण आत पायऱ्या आहेत. त्या दिवशी त्यांना कसं वाटतंय ते बघून ठरवा. किनाऱ्यावरून किल्ला समोरच दिसतो. दोघी मैत्रिणी तिथे बसून हात जोडतील, लेक आतून दोघींसाठी फूल आणेल.

लेक विज्ञानात रमणारी असेल तर तिला सांगा, अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, १९०४ पासूनची. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार आणि तिथल्या कुलाबा वेधशाळेची मोजमापं बिघडणार, म्हणून ती इथे हलवली.

परतताना पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घ्या, पानांसकट विणलेल्या असतात. तुम्ही लासलगावच्या बाजूच्या, कांद्याची पारख तुम्हाला आम्ही काय शिकवणार, पण हा गोडसर असतो, कच्चाच खा. खाडीवरच्या म्हाताऱ्या ताडगोळे विकायला बसतात, ते घासाघीस न करता घ्या.

एक आणखी. इथला दमटपणा तुमच्या कोरड्या उन्हासारखा नाही. तहान लागत नाही आणि अंगातलं पाणी मात्र जातं. संकष्टीच्या दिवशी आईंना कोकम सरबत मीठ घालून देत राहा, उपासाला चालतं.

धागाकर्ती :

सगळं ठरलं. दादरची मैत्रीण गाडी घेऊन येतेय, तिनेच हौसेने दोन दिवस रजा टाकली. बुधवारी फक्त मधलं दालन आणि मुलांचं संग्रहालय, बाकी काही नाही. गुरुवारी सकाळची रो-रो. पंचवटीची तिकिटं काढली, आईला खिडकी मिळाली.

मावशीसाठी चिवडा आणि बेदाणे घेतलेत. गडूचं झाकण सैल होतं, प्रवासात पाणी हिंदकळलं असतं. काल तांबट आळीत नेऊन बसवून आणलं. रामकुंडावर सोमवारी पहाटे जाणार आहोत. आई म्हणते, पाणी तीच भरणार. पायऱ्यांवर तिचा हात मी धरेन.