स्पोर्ट्स कारला १९ इंची व्हील ठाण्यात चुकीचीच. मी १७ वर येतोय, पटतंय का?

घोडबंदर_टीटी
जुनी ऑडी टीटी आहे, २०१२ ची, २.० क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी. तिचं मूळ माप २४५/४० आर१८, म्हणजे टायर २४५ मिमी रुंद, कुशीची उंची रुंदीच्या ४० टक्के आणि रिम १८ इंची. आधीच्या मालकाने १९ इंची अलॉय आणि २४५/३५ टायर चढवले होते. गाडी उभी असताना देखणी दिसायची, नाही म्हणत नाही. पण जुलैत कासारवडवलीला मेट्रोच्या बॅरिकेडला लागून पाण्याने भरलेला खड्डा होता, तो दिसलाच नाही. घरी येऊन पाहतो तर डाव्या पुढच्या टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आणि रिमची आतली कड चेपलेली. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर गेलाच.

मग बसून हिशेब केला. साइडवॉलची, म्हणजे टायरच्या कुशीची उंची १९ ला ८६ मिमी, १८ ला ९८, आणि १७ वर २४५/४५ घेतला तर ११०. तिन्हींचा बाहेरचा व्यास मात्र ६५२ ते ६५४ मिमीच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस सगळं जिथल्या तिथे. बदलतं ते एवढंच, की खड्डा आणि रिम यांच्यामध्ये जवळजवळ एक इंच जास्त रबर आणि हवा येते. मला तो इंच हवाय.

पामबीच_पहाटे
अजिबात पटलं नाही. मग स्पोर्ट्स कार घेतलीत कशाला? उंच साइडवॉल वळणावर आधी दबते, मग गाडी वळते. स्टिअरिंग फिरवल्याबरोबर नाक आत जाणं, यासाठीच तर आपण पैसे मोजतो. मी नेरुळला राहतो, १९ वर तीन पावसाळे काढले, एकही रिम वाकली नाही. दर रविवारी गाडी थंड असताना हवा तपासतो. १९ चे टायर बहुधा एक्सएल, म्हणजे जास्त वजनाचे असतात, ते पूर्ण वजन पेलतात ते जास्त हवेवर. लोक दारावरच्या स्टिकरवर १८ इंची टायरसाठी दिलेली हवा भरतात आणि मग खड्ड्याला दोष देतात.

वाशी_ते_खारघर
दोघांनाही विचारतो, मागे २७५ टाकले तर? पाठीमागून भारदस्त दिसेल.

घोडबंदर_टीटी
नका टाकू. टीटीची क्वाट्रो हॅल्डेक्स क्लचवर चालते, तोच मागच्या चाकांना ताकद जोडतो. पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा झाला की सरळ रस्त्यावरही तो क्लच फरक सोसत राहतो. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो.

तुर्भे_टायरवाला
चौदा वर्षं हेच काम करतोय. इंचावर एवढं भांडताय, पण माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी फिटिंगची असतात. टीटीची मूळ रिम ९जे, म्हणजे ९ इंच रुंद, ऑफसेट ५२, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू ५२ मिमी बाहेरच्या अंगाला. बाजारात सहज मिळते ती ८.५जे, ऑफसेट ३५. रिम अरुंद, तरी बाहेरची कड साडेदहा मिमी बाहेर येते. मागे दोघं बसले की टायर मडगार्डच्या ओठाला घासतो.

दुसरं, बोल्ट. ऑडीच्या बोल्टची बैठक गोल असते, बाहेरच्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी उतरती. जुनेच बोल्ट नव्या रिमला आवळले तर टेकतात ती फक्त एक बारीक रेघ. मी रिमच्या भोकात बोट फिरवून दाखवतो, तेव्हा लोकांना पटतं. असे बोल्ट चालता चालता सैल पडतात. आणि रिमचं मधलं, हबवर बसणारं भोक ५७.१ मिमीचं नसेल तर फट भरणारी रिंग हवीच, नाहीतर कितीही बॅलन्सिंग करा, स्टिअरिंग थरथरणार.

पामबीच_पहाटे
बोल्टचं शंभर टक्के मान्य. पण १७ ची रिम ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या भागाला लागली तर? टीटीएस या टीटीच्या ताकदवान प्रकाराचे ब्रेक मोठे असतात.

घोडबंदर_टीटी
माझी साधी २.० आहे, तिला कंपनीकडूनच १७ चा पर्याय होता. हवेचं तुमचं खरं आहे, मी स्टिकरचाच आकडा भरत होतो. पण तुमचा पाम बीच आणि माझा घोडबंदर हे दोन वेगळे रस्ते आहेत हो. रात्री नऊला पावसात, मागे ट्रेलर असताना खड्डा चुकवायला मला जागाच नसते. वळणावर थोडी धार गेली तर चालेल, बायको-मुलीला घेऊन गायमुखला रस्त्याकडेला उभं राहणं नको.

तुर्भे_टायरवाला
शनिवारी सकाळी या दादा. एक १७ ची रिम टायर न चढवता नुसती लावू, हाताने फिरवून कॅलिपरपासून किती अंतर राहतं ते बघू. पैसे त्यानंतर.

पामबीच_पहाटे
मीही येतो. माझे बोल्ट एकदा तपासून द्या.