बंगल्याच्या आउटहाउसमध्ये पडून असलेली फियाट १२४ स्पायडर घ्यावी का? (नागपूर)

सिमेंटरोडवाला

सिव्हिल लाइन्समधील एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये १९७१ सालची फियाट १२४ स्पोर्ट स्पायडर कित्येक वर्षांपासून उभी आहे. मूळ मालक हयात नाहीत. त्यांचे चिरंजीव पुण्यात असतात आणि बंगला पाडून तेथे इमारत उभी राहणार असल्यामुळे गाडी पावसाळ्यापूर्वी हलवावी, असा त्यांचा आग्रह आहे. अपेक्षा सहा लाखांची आहे.

इंजिन १६०८ सीसीचे असून ते जाम आहे. कापडी टप फाटला आहे, सीटचे रेक्झिन तडकले आहे, चारही टायर बसले आहेत. पत्रा मात्र बाहेरून धडधाकट दिसतो. स्टिअरिंग डावीकडे आहे. माझ्याकडे पद्मिनी आहे आणि तिची बरीचशी कामे मी घरीच करतो, त्यामुळे अगदीच अनभिज्ञ नाही. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की मूळ इंजिन काढून प्रीमिअर ११८ एनई या गाडीचे बसवावे, स्टिअरिंगही उजवीकडे घ्यावे आणि मोकळे व्हावे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

धरमपेठकर

इंजिन जाम आहे, ही या व्यवहारातील सर्वांत लहान अडचण समजा. या गाडीला वेगळी चेसिस नाही. खालचा पत्रा हीच तिची चेसिस आहे, आणि वर पक्के छत नसल्यामुळे सगळा भार दाराखालच्या पट्ट्यांवर, म्हणजे रनिंग बोर्डच्या जागी असलेल्या सिलवर येतो. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणे याला फारसा अर्थ नाही. टॉम त्यार्दा यांनी पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीसाठी आखलेल्या या देखण्या रेषांखाली किती पुट्टी भरलेली आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

एक साधे चुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. त्यानंतर दार बंद करून दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत नीट पाहून ठेवा, सिलच्या मध्याजवळ जॅक लावून ती बाजू हळूहळू उचला आणि फट पुन्हा पाहा. फटीची रुंदी बदलत असेल किंवा दार उघडताना अडत असेल, तर गाडी मधून वाकते आहे. जॅक लावण्यापूर्वी तेथे लाकडी फळी ठेवा. सडलेल्या सिलमधून जॅक सरळ आत घुसतो. बॉनेट उघडून पुढचे शॉक ॲब्सॉर्बर ज्या डब्यांत बसतात त्यांच्या मुळाशी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा, पायाखालचे मॅट काढा आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. हे डबे गेलेले असतील तर सहा लाख काय, दोन लाखांतही ही गाडी महाग आहे.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीपेक्षा नागपुरातील गाडीचा पत्रा बरा निघण्याची शक्यता अधिक असते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत जळते ते रबर, वायरिंग आणि डॅशबोर्ड. आउटहाउस गळके होते का, एवढे मात्र विचारून घ्या.

कागदी घोडे

पत्रा पाहण्याच्या आधी आरसी बुक पाहा. नाव मूळ मालकांचेच असेल तर प्रथम वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागेल, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. इतर वारस असल्यास त्यांची संमती शपथपत्रावर घ्या. त्यानंतर विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. चेसिस आणि इंजिनवर ठोकलेले क्रमांक स्वतः घासून वाचा आणि आरसीशी ताडून पाहा. ही गाडी परदेशातून आलेली असल्यामुळे कस्टम्सचे जुने कागद मिळाले तर सोन्याहून पिवळे.

आता इंजिन बदलण्याच्या सल्ल्याविषयी. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, नवीन नोंदणीला व्हीए मालिका मिळते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. परंतु चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला असेल तर ही सवलतच मिळत नाही. म्हणजे ११८ एनईचे इंजिन बसवले की व्हिंटेजचा मार्ग बंद. डाव्या स्टिअरिंगची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार विहित इशारा यंत्रणा चालू स्थितीत असेल तर ते चालते.

हिंगणा एमआयडीसी

इंजिन ही लहान अडचण, हे धरमपेठकरांचे मत मला मान्य नाही. पत्रा निदान आपल्याकडचा चांगला डेंटर घडवू शकतो, या इंजिनाचे भाग मात्र बाहेरूनच मागवावे लागतात, आणि कस्टम्स ड्युटी व कुरिअर धरून रक्कम कोठल्या कोठे जाते. तरीही ते काढून टाकणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी आखलेले हे डबल कॅम इंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचे आहे. ११८ एनई ही सीअट या स्पॅनिश कंपनीमार्गे आलेली १२४ च्याच घराण्यातली गाडी खरी, पण तिच्यात निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन आहे आणि शक्ती निम्म्याहून कमी. त्या नात्याचा उपयोग सस्पेन्शनच्या किरकोळ भागांपुरता होईल, तोही जुना आणि नवा भाग शेजारी ठेवून मोजल्यावरच. स्पायडरचा तळ सलूनपेक्षा आखूड केलेला आहे.

बॅटरी जोडून सेल्फ मारण्याचा मोह टाळा, मालकांच्या चिरंजिवांनाही मारू देऊ नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने, मागेपुढे, जोर न करता फिरवून पाहा. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारे कॅम साखळीऐवजी दातेरी रबरी पट्ट्यावर चालतात. इतकी वर्षे एकाच वळणात राहिलेला पट्टा सुटला किंवा दाते सरकले तर व्हॉल्व्ह वाकतात, म्हणून इंजिन मोकळे झाले तरी नवा पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बसवल्याखेरीज चालू करू नका. टाकीतील जुने पेट्रोल काढा, सगळे होज बदला. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे त्या काळचे रबर टिकत नाही. ब्रेक चारही चाकांना डिस्कचे आहेत आणि पिस्टन कॅलिपरमध्ये धरलेले असणार, म्हणून गाडी ओढत नेऊ नका, सपाट क्रेनवरच चढवा.

सिमेंटरोडवाला

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. आरसी मूळ मालकांच्याच नावाने आहे आणि दोन्ही क्रमांक जुळतात. शॉक ॲब्सॉर्बरचे डबे कठीण लागले. उजव्या बाजूची फट जॅकवर हलली नाही. डावीकडे मात्र दार घासू लागले आणि तेथे सिलवर चुंबकही धरत नाही. मधल्या काळात कोणीतरी पुट्टी भरून रंग मारलेला दिसतो.

धरमपेठकर

मग गाडी घेण्यासारखी आहे, सहा लाखांना नाही. डावा सिल आतल्या थरापर्यंत कापून नवा घडवावा लागेल, आणि तेही गाडी चारही बाजूंनी समपातळीत टेकवून, दार जागेवर ठेवूनच. दार काढून वेल्डिंग केले की ते पुन्हा बसत नाही. एखाद्या चांगल्या डेंटरला आउटहाउसपर्यंत नेऊन या कामाचा लेखी अंदाज घ्या आणि तो चिरंजिवांसमोर ठेवा. बंगला पाडायची घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. बयाणा द्यायचाच झाला तर गाडी वारसाच्या नावावर झाल्यावर द्या.