आयकाओचे ८५.४९ टक्के: हा आकडा नक्की कशाचा?

कागदीविमान

विमानसुरक्षेवर वाद सुरू झाला की कुणीतरी हा हुकमाचा पत्ता टाकतंच: आयकाओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) ऑडिटमध्ये भारताला ८५.४९ टक्के, १०२ वरून थेट ४८वा क्रमांक. नोव्हेंबर २०२२च्या ऑडिटचा हा निकाल, त्याआधी ६९.९५ होते. आकड्यात खोट नाही. खोट तो वापरण्यात आहे.

हे ऑडिट विमान कंपन्यांचं नसतं, देशाच्या नियामकाचं असतं, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं). १९९९ला ते सक्तीचं झालं तेव्हा वैमानिक व तंत्रज्ञांचे परवाने, उड्डाण-संचालन आणि विमानांची उड्डाणयोग्यता एवढंच तपासत. २००५पासून व्याप्ती वाढली आणि २०१३पासून 'सतत देखरेख' पद्धत आली. आज आठ क्षेत्रं आहेत: कायदे, संघटना, परवाने, उड्डाण-संचालन, उड्डाणयोग्यता, अपघात तपास, हवाई मार्गदर्शन आणि विमानतळ. त्यांना छेद देणारे आठ घटक: मूळ कायदा, नियमावली, यंत्रणा, प्रशिक्षित माणसं, मार्गदर्शक पुस्तिका व साधनं, परवाने-मंजुऱ्या, प्रत्यक्ष देखरेख आणि सापडलेल्या दोषांचा निकाल.

प्रश्न शेकड्यांनी असतात आणि प्रत्येकाचं उत्तर दोनच प्रकारचं, समाधानकारक किंवा असमाधानकारक. लागू प्रश्नांपैकी किती समाधानकारक त्याची टक्केवारी काढली की झाला आकडा. भारांक नाही. 'कायद्यात अमुक कलम आहे का' याला जेवढं वजन, तेवढंच 'निरीक्षक पुरेसे आहेत का' याला. पहिला प्रश्न एका अधिसूचनेत सुटतो, दुसऱ्याला दहा वर्षं लागतात. त्यामुळे कायदे-नियमांची बाजू लवकर भरते, माणसांची आणि देखरेखीची मागे राहते, आणि सरासरीत दोन्ही एकजीव होऊन जातात.

म्हणून माझं म्हणणं: एकूण टक्केवारी मिरवणं बंद करा आणि प्रश्ननिहाय पूर्ण अहवाल लोकांपुढे ठेवा.

विंडसॉक

अहवाल जाहीर करा, याला माझा पाठिंबा. पण आकडा बिनकामाचा म्हणता तिथे मात्र गाडी घसरली.

जरा मागे जाऊ. डिसेंबर २०१२च्या ऑडिटमध्ये आयकाओने भारतावर 'गंभीर सुरक्षा चिंता' नोंदवल्या. त्या ऑगस्ट २०१३मध्ये हटल्या. तोवर एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं, लक्ष गेलंच होतं. सप्टेंबर २०१३मध्ये त्यांचं पथक येऊन गेलं आणि ३१ जानेवारी २०१४ला भारत दुसऱ्या श्रेणीत गेला. म्हणजे भारतीय कंपन्यांना अमेरिकेला नवी उड्डाणं नाहीत, आहेत त्यांच्यावर जादा तपासणी, आणि अमेरिकी कंपन्यांना भारतीय कंपन्यांच्या उड्डाणांवर स्वतःचा कोड लावायची, म्हणजे ती स्वतःच्या नावाने विकायची, मनाई. मुख्य दुखणं होतं पूर्णवेळ उड्डाण-संचालन निरीक्षकांचं. विमान कंपनीचेच वैमानिक उसने आणून त्यांच्याकडून कंपन्या तपासल्या जात होत्या. श्रेणी घसरायच्या तोंडावर बाजारभावाने पगार देऊन असे ७५ निरीक्षक घ्यायला मंजुरी मिळाली. ८ एप्रिल २०१५ला पहिली श्रेणी परत आली.

ही पदं कुठल्या देशी समितीच्या शिफारशीने मंजूर झाली असती का, सांगा. बाहेरचा बडगा आला म्हणून झाली.

कागदीविमान

@विंडसॉक, बडगा कुणाचा होता ते बघा की. आयकाओच्या चिंता हटल्यावर पाच-सहा महिन्यांत एफएएने खाली ढकललं. आयकाओचं समाधान झालं होतं, एफएएचं नाही. एफएए तर १९९२पासून तीनच विषय बघते: परवाने, संचालन, उड्डाणयोग्यता. तो कार्यक्रमही १९९०मध्ये आविआंकाचं ७०७ न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं त्यानंतर आला. थोडं बघते, पण तिच्या हातात मार्ग अडवायची ताकद आहे. आयकाओच्या हातात प्रश्नावली.

आणि त्या मंजूर पदांचं पुढे काय झालं? ऑगस्ट २०२५च्या संसदीय समितीच्या अहवालानुसार डीजीसीएत १,०६३ मंजूर पदांपैकी भरलेली ५५३. आता ही रिकामी पदं ८५.४९मध्ये कुठे दिसतात, दाखवा.

उंबरठा०९

"प्रश्नावली" हा शब्द फार हलक्यात वापरला जातोय. एक प्रश्न प्रत्यक्षात कसा तपासतात ते सांगतो.

समजा विषय आहे विमान कंपनीचा संचालन परवाना. देशाने आधीच ऑनलाइन उत्तर भरलेलं असतं: "होय, पद्धत आहे, पुस्तिकेतलं अमुक प्रकरण बघा." पथक त्यावर टिक मारून पुढे जात नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत दिलेल्या परवान्यांची यादी मागतात आणि त्यातली एक फाइल स्वतः निवडतात. परवान्याचे टप्पे पाच: अर्जपूर्व बैठक, रीतसर अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रत्यक्ष तपासणी व प्रात्यक्षिक उड्डाण, आणि शेवटी परवाना. मग तारखा लावून बघतात. संचालन पुस्तिका सोमवारी दाखल झाली आणि बुधवारी मंजूर झाली असेल, तर शेकडो पानं कुणी वाचली? छाननीच्या तक्त्यावर सही कुणाची? त्या निरीक्षकाचं त्या विमान-प्रकाराचं प्रशिक्षण झालंय का, प्रमाणपत्राची तारीख सहीच्या आधीची की नंतरची? प्रात्यक्षिकात त्रुटी लिहिल्या असतील तर त्या मिटवल्याचा कागद परवान्याच्या तारखेआधीचा आहे ना?

इथे दांडी उडते. दहा त्रुटी लिहिलेल्या, आठ मिटलेल्या, दोन 'नंतर बघू' म्हणून उघड्या आणि परवाना मात्र दिलेला. आठ मिटल्या म्हणून ऐंशी टक्के मिळत नाहीत, तो प्रश्न गेला. त्यातून धोका ताबडतोबीचा वाटला तर गंभीर सुरक्षा चिंता. ती ठरलेल्या मुदतीत सुटली नाही तर आयकाओच्या संकेतस्थळावर देशाच्या नावापुढे लाल झेंडा लागतो.

थायलंडला नेमकी परवान्यांचीच प्रक्रिया भोवली. जानेवारी २०१५ला ऑडिट झालं. झेंडा लागायच्या आधीच, मार्चमध्ये, जपान आणि दक्षिण कोरियाने थाई कंपन्यांची नवी उड्डाणं रोखली. १८ जून २०१५ला झेंडा लागला. जुनं खातं मोडून नवा नियामक उभारला, आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या कंपन्यांचे परवाने पहिल्यापासून तपासले आणि ऑक्टोबर २०१७मध्ये झेंडा उतरला. एफएएची पहिली श्रेणी मिळायला मात्र एप्रिल २०२५ उजाडला. हे सगळं एका 'प्रश्नावली'तून.

मिठागर

@उंबरठा०९, फाइलींबद्दल पटलं. पण काँक्रीट फाइलीत नसतं.

मुआन, दक्षिण कोरिया, २९ डिसेंबर २०२४. जेजू एअरचं विमान पोटावर घसरत धावपट्टी ओलांडून गेलं आणि लोकलायझरच्या (उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची मधली रेषा दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) अँटेना ज्या मातीच्या बांधावर होत्या त्याला धडकलं. बांधाच्या पोटात काँक्रीट. १७९ मृत्यू. कोरियाचे आयकाओ गुण ९८च्या वर.

आता नियम बघा. शिकागो कराराचं (ज्यावर आयकाओ उभी आहे त्या आंतरराष्ट्रीय कराराचं) १४वं परिशिष्ट सांगतं की धावपट्टीच्या कडेच्या पट्ट्यात आणि टोकापलीकडच्या सुरक्षा क्षेत्रात जे उपकरण ठेवावंच लागतं ते धक्का बसताच मोडणारं हवं. कोरियाच्या नियमावलीतही हे होतं. मुआनला सुरक्षा क्षेत्र १९९ मीटर धरलेलं, बांध त्याच्या लगेच पुढे. बांध क्षेत्राबाहेर आहे म्हणून नियम लागू नाही, असं तिथल्या मंत्रालयाचं सुरुवातीचं उत्तर. ऑडिटमध्ये प्रश्न येणार, "नियम आहे का?" आहे. "विमानतळाला प्रमाणपत्र दिलंय का?" दिलंय. दोन्ही समाधानकारक आणि भिंत जागेवर.

हे आपल्यालाही नवीन नाही. मंगळूर, २२ मे २०१०: विमान टेबलटॉप (डोंगरमाथा सपाट करून केलेली) धावपट्टी आणि ९० मीटरचं सुरक्षा क्षेत्र ओलांडून गेलं, उजवा पंख लोकलायझरच्या काँक्रीटच्या चौथऱ्याला लागला आणि विमान दरीत गेलं. १५८ मृत्यू. तेच उपकरण, तसाच पाया, चौदा वर्षांच्या अंतराने.

विंडसॉक

@मिठागर, उदाहरण चोख, निष्कर्ष अर्धा. देशातला प्रत्येक विमानतळ पाहणं हे आयकाओच्या पथकाचं काम नाही, दोन आठवड्यांच्या भेटीत ते शक्यही नाही. ते एखाद-दुसरा विमानतळ नमुन्याला बघतात आणि विचारतात की तुमचे निरीक्षक बाकीचे कसे बघतात. मुआनचा बांध पकडायचं काम कोरियन निरीक्षकाचं होतं. डॉक्टरच्या पदवीची परीक्षा घेणाऱ्याने पेशंट का तपासला नाही, असं विचारण्यासारखं झालं हे.

मिठागर

मग पदवी भिंतीवर लावून "आमच्या गावात कुणी आजारी नाही" असंही म्हणू नये. धाग्याचा विषय तोच आहे.

अन्नपूर्णा_रेंज

नेपाळ कुणी काढलाच नाही. २०१३मध्ये आयकाओची गंभीर चिंता आणि डिसेंबर २०१३मध्ये युरोपीय संघाची सरसकट बंदी, सगळ्याच नेपाळी कंपन्यांवर. २०१७मध्ये आयकाओने चिंता हटवली, युरोपने बंदी ठेवली. २०२२च्या ऑडिटमध्ये नेपाळ ७०.१ टक्क्यांवर गेला, तरीही युरोप हलला नाही. जानेवारी २०२३मध्ये पोखऱ्याला यती एअरलाइन्सचं एटीआर विमान पडलं, ७२ गेले. फ्लॅप्सच्या (पंखांच्या मागच्या झडपांच्या) दांड्याऐवजी पंख्यांची पाती फेदर करणारे, म्हणजे ती वाऱ्याला समांतर वळवणारे, दांडे ओढले गेले आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला.

तिथली गाठ वेगळीच आहे. नेपाळचं नागरी उड्डाण प्राधिकरण विमानतळही चालवतं आणि नियामकही तेच. विमानतळाचा मालक स्वतःच्याच विमानतळाला प्रमाणपत्र देतो. दोन संस्था वेगळ्या करायचं विधेयक वर्षानुवर्षं लोंबकळतंय. आयकाओची अपेक्षा असते की दोन्ही कामं एका छपराखाली असतील तर त्यांच्यात स्पष्ट भिंत हवी. अंतर्गत विभागणीचा आदेश काढला की कागदावर भिंत उभी राहते. युरोपला तेवढ्याने पटत नाही. २००५च्या त्यांच्या नियमाखाली ते अपघात, विमानतळावरच्या अचानक तपासण्या आणि नियामकाशी थेट बोलणी, सगळं एकत्र तोलतात.

पण त्यात राजकारण नाही असं कुणी म्हणू नये. युरोपच्या सुनावणीत कुणाला किती वेळ मिळतो हे दूतावासांनाही चांगलं कळतं. आयकाओचा आकडा रुक्ष असेल, पण तो बुरुंडीला आणि ब्रिटनला एकाच सूत्राने लागतो. ही बाजू कागदीविमान यांनी पार सोडून दिली.

कागदीविमान

@अन्नपूर्णा_रेंज, मान्य, ही बाजू सुटली. भारांक नसण्याचा हा फायदाच म्हणायचा, भाव करायला जागा राहत नाही. आयकाओने अलीकडे काही प्रश्नांवर अग्रक्रमाची खूण केलीय. गुणांच्या सूत्रात मात्र सगळे सारखेच.

पुणेकर_टेलविंड

सामान्य माणसाने नक्की बघायचं काय? एवढं वाचून डोकं गरगरलं राव.

उंबरठा०९

@पुणेकर_टेलविंड, आयकाओच्या संकेतस्थळावर देश निवडा. आठ क्षेत्रांचे आठ स्तंभ दिसतात, शेजारी जागतिक सरासरी. भारताचे संचालन आणि उड्डाणयोग्यता हे स्तंभ उंच आहेत, संघटनेचा स्तंभ बुटका. तीन मिनिटांचं काम. एकूण टक्के बघू नका, सर्वांत बुटका स्तंभ बघा. मात्र घटकनिहाय चित्र, म्हणजे माणसं किती नि देखरेख किती, हवं असेल तर पूर्ण अहवालच लागतो. इथे मी धागाकर्त्याच्या बाजूला.

कागदीविमान

आणि शेवटच्या दोन घटकांची, देखरेख आणि दोषांचा निकाल, ताजी परीक्षा डिसेंबर २०२५मध्ये झालीच. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४लाच काढलेले होते: साप्ताहिक विश्रांती ३६ऐवजी ४८ तास, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ला लागू झाला. इंडिगोकडे त्या हिशेबाने वैमानिक पुरेसे नव्हते आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. डीजीसीएने काय केलं? कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट दिली आणि स्वतःच्या चार उड्डाण-संचालन निरीक्षकांना काढून टाकलं.

विंडसॉक

ती सूट आयकाओच्या चौकटीतही बसते. फक्त सूट देण्याआधी धोक्याचं लेखी मूल्यमापन लागतं, आणि थकव्याची भरपाई कशी करणार ते त्यात मांडावं लागतं. पुढच्या ऑडिटला ही फाइल नमुन्याला निवडली गेली तर पहिल्यांदा तेच पान मागतील. आणि मागावंच.

मिठागर

त्यावर तारीख कुठली आहे तेही बघतील. सुटीच्या आधीची की नंतरची.

विंडसॉक

@मिठागर, 'सुटी'च्या नव्हे हो, 'सवलती'च्या म्हणा. सुटी वैमानिकांना हवी होती.